निवट्याचं बीळ

४५

"पप्पा, टाइम सुरू झाला!"

जेसिकाने मागून बापाच्या खांद्यात बोट खुपसलं. लॉरेन्सने मान हलवली. टाइम सुरू झालेला त्यालाही दिसत होता. फोनच्या माथ्यावर लाल आकडा पंचेचाळीसवरून खाली उतरायला लागला होता, आणि तेच सगळं समोरच्या भिंतीवर, लग्नात नवरा-नवरीचे फोटो दाखवतात त्या पडद्यावर, खाटेएवढं मोठं होऊन दिसत होतं. पडद्यावर खाडीचा चिखल. चिखलाच्या डाव्या अंगाला त्याचा निवटा: बोटभर देह आणि डोक्यावर दोन बटबटीत डोळे. उजवीकडे तुळिंजच्या आयुषचा देवमासा, ओहोटीत रुतून बसलेला, शेवटच्या धापा टाकणारा. आणि वर काळंकुट्ट आभाळ.

खाली दोन बटणं. एकावर 'मार'. दुसऱ्यावर 'बीळ'.

पार नाक्याजवळचा हा लग्नाचा हॉल आज राक्षसांनी भरला होता, म्हणजे फोनमध्ये राक्षस पाळणाऱ्या पोरांनी. चौसष्ट खेळाडू. त्रेसष्ट जण पंचविशीच्या आतले. चौसष्टावा पाचूबंदरचा लॉरेन्स, वय चोपन्न, बर्फाच्या कारखान्यात कामाला, अंगात रविवारच्या मिस्साला घालायचा इस्त्रीचा शर्ट. सकाळी दारावरच्या पोराने त्याला सांगितलं होतं, "अंकल, पेरेंट्स लोक उधर बैठो." दुपारी तोच अंकल फायनलला बसला होता.

आणि अंकलने चपला काढून पाय खुर्चीच्या पायांना गुंडाळून धरले होते. टेबलावर पांढरी चादर टाकलेली होती म्हणून बरं.

४१

लॉरेन्सला कशाकशाची भीती वाटायची ते सांगायला बसलं तर हे पंचेचाळीस सेकंद पुरायचे नाहीत. पश्चिमेच्या वाऱ्याची वाटायची. 'जरा बोलायचं होतं' म्हणणाऱ्या माणसाची वाटायची. पंखा मध्येच थांबला तर वाटायची. आणि दर्याची तर होतीच. ज्याने तीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकली, जो ओंजळभर पाण्याचा वास घेऊन सांगायचा की खाली खडक आहे की रेती, त्याने गेल्या चार वर्षांत घोट्याच्या वर समुद्र येऊ दिला नव्हता. तो आता बर्फाच्या लाद्या फोडायचा. दुसऱ्यांच्या बोटी त्या बर्फाने भरून जायच्या आणि हा धक्क्यावर उभा राहून त्यांच्या पाठी बघायचा. बोटी दिसेनाशा झाल्या की त्या परत येईपर्यंत तो दर थोड्या वेळाने धक्क्यावर चक्कर टाकायचा.

बंदरावरची पोरं त्याला निवटा म्हणायची. तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही.

निवटा काय असतो ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे चिमुकले मासे बिळांतून बाहेर येतात, परांवर टुणटुण उड्या मारतात, ऊन खातात. लांब कुठे पाऊल वाजलं की सगळा चिखल एका क्षणात रिकामा. रश्श्यात घातला तर त्याच्यासारखी चव नाही, पण पकडायला गेलं तर कोपरापर्यंत हात बिळात घालावा लागतो. असा भित्रा जीव.

गेमवाल्यांनी त्याचाच एक राक्षस केला होता. नाव काहीतरी इंग्रजी होतं. पाचूबंदरात त्याला निवटाच म्हणायचे.

३६

त्या निवट्याच्या चित्रावर बोट ठेवलं की त्याची चिठ्ठी उघडायची. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: पहिला मालक, एरॉल. मालक शेवटचा दिसला, १४७० दिवसांपूर्वी.

हा आकडा रोज एकाने वाढायचा. लॉरेन्स रोज बघायचा.

एरॉल त्याचा मेहुणा, थोरल्या बहिणीचा, ॲनीचा नवरा. पण त्याच्या आधीपासून दोस्त. गेम आणला तोही एरॉलनेच. डोलीची जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात; पाणी फिरेपर्यंत होडीत बसून राहण्यापलीकडे काम नसतं. किनाऱ्याजवळ फोनला रेंज असायची. दोन होड्या शेजारी शेजारी नांगरून दोन बाप्ये एकमेकांचे राक्षस मारत बसायचे आणि हरणारा संध्याकाळची पाजायचा.

एरॉलला अक्राळविक्राळ राक्षस आवडायचे, लॉरेन्सकडच्या दातेरी मुशीसारखे. कुठल्याशा इनामात त्याला निवटा मिळाला तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं.

"तुजी मुशी दे मना. हा घे तू."

"निवटा? काय कामाचा?"

"अरे, तुलाच शोभतो. तू तसला न् हा तसला." आणि एरॉल होडी हलेपर्यंत हसला. "पन एक हाय हां लॉरेन्स. याला मेलेला कोनी बगितला नाय. मरतच नाय साला. पलतो."

अदलाबदल झाली. त्यानंतर तीन दिवसांनी वादळ आलं.

३१

"अंकल, मार!" मागून कोणीतरी ओरडलं. "फिफ्टी-फिफ्टी आहे, मार ना!"

फिफ्टी-फिफ्टीच होतं. मरता मरता आयुषच्या देवमाशाने वादळ बोलावलं होतं. वादळ अर्ध्या मैदानावर कोसळणार, डाव्या नाहीतर उजव्या. ते कोसळल्यावर मग निवट्याची पाळी. वादळ उजवीकडे कोसळलं तर निवटा वाचणार, त्याचा तडाखा बसणार, देवमासा संपणार, लॉरेन्स जिंकणार. डावीकडे कोसळलं तर निवटा गेला.

आणि गेला म्हणजे गेलाच. या हॉलमधल्या लढतीत पडलेला राक्षस फोनमधून कायमचा पुसला जात होता. नियमच तसा होता. सकाळपासून चार पोरं जिन्यात बसून रडली होती. वीस-वीस वर्षांचे घोडे.

मग 'बीळ' दाबावं? ते दाबता येत होतं. वादळ बिळात शिरत नाही. पण लॉरेन्सचे बाकीचे दोन राक्षस आधीच पडले होते. मैदानात आपलं कोणी उभं नसताना निवटा बिळात गेला की ती हार. निवटा जगायचा, लढत जायची.

लढत गेली तर काय? तीच तर सगळी भानगड होती. महिन्यापूर्वी फोनवर सूचना आली होती, जेसिकाने मोठ्याने वाचून दाखवली होती. हा गेम ३१ मेला दुपारी बारा वाजता बंद होणार. सगळे राक्षस, सगळ्या चिठ्ठ्या त्यासोबत जाणार. फक्त गावोगावी शेवटच्या लढती होतील, त्यात जिंकेल त्याचा एक राक्षस नव्या गेममध्ये जाईल. चिठ्ठीसकट. पहिल्या मालकाच्या नावासकट.

जेसिका वाचायची थांबली तेव्हा लॉरेन्सच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मग एरॉलचं नाव?"

"पप्पा, जिंकलं तर राहील."

"न् नाय जिंकलं तं?"

जेसिकाने सूचना पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

२६

चार वर्षांपूर्वी, त्या दिवशी, वादळाची खबर होती. दोघे जण वादळात मासे मारायला गेले नव्हते. वादळ यायच्या आधी खुंटांवरची जाळी सोडवून आणायला गेले होते. खलाशी एकालाही मिळाला नाही, म्हणून दोन होड्यांत दोघे एकटेच. सांगितलं होतं त्यापेक्षा वारा चार तास आधी फिरला.

लॉरेन्सने पश्चिमेकडे पाहिलं. आभाळ आणि पाणी यांच्यामधली रेघ पुसली गेली होती. त्याने कोयता घेतला, स्वतःच्या जाळ्याची दोरी तोडली. जाळं तोडणारा तांडेल म्हणजे नाक कापलेला माणूस, हे माहीत असून तोडली.

"एरॉल! सोड ते! चल!"

"एकच राह्यलं!" एरॉलने हात हलवला. "तू हो फुडं. जा निवट्या, जा बिलात!"

तो हसत होता. लॉरेन्सला ते दात आजही दिसतात.

दहा मिनिटं थांबला असता तर? होडी त्याच्या होडीला लावून, बखोट धरून ओढला असता तर? लॉरेन्सने याचा हिशेब हजार वेळा केला होता. उत्तर एकच यायचं. त्याला भीती वाटली होती. त्या क्षणी त्याच्या अंगात भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं. मेहुणा नाही, बहीण नाही, परमेश्वर नाही. त्याने मशीन मारली आणि तो मागे न बघता आला.

एरॉलची होडी दोन दिवसांनी अर्नाळ्याच्या बाजूला पालथी सापडली. एरॉल सापडलाच नाही.

त्या दिवशी लॉरेन्सची होडी लागली तेव्हा ॲनी किनाऱ्यावर होती. केस मोकळे, पायात काही नाही. तिने लॉरेन्सला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू काही याच्याच अंगावर कुठे तरी एरॉल लपवलेला असेल.

"तू आलास," ती म्हणाली. "त्याला का नाय आनलास?"

चार वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते. घर दोन दारं सोडून. कालवण केलं तर वाटी जेसिकाच्या हाती यायची, रिकामी वाटी जेसिकाच्याच हाती जायची. मृतांच्या सणाला दोघे एकाच क्रुसापाशी उभे राहायचे, खाली कोणी नसलेल्या. तो या बाजूला, ती त्या बाजूला. मधे मेणबत्त्या.

२१

आकडा उतरत होता. लॉरेन्सने अंगठा पँटवर पुसला. बर्फाने त्या अंगठ्याची कातडी मेली होती. घाबरला की तो आणखी गार पडायचा आणि मग फोन त्याला ओळखतच नसे. दाबावं तर बटण हलायचं नाही. जसं काही मेलेल्या माणसाचं बोट.

पण याच अंगठ्याने तो इथवर आला होता, आणि निवट्याला घेऊन.

पहिलं वर्षभर तर त्याने निवट्याला लढवलंच नाही. रोज उघडायचा, चारा द्यायचा, चिठ्ठी बघायचा, बंद करायचा. मग एक दिवस चुकून लढत सुरू झाली आणि निवटा जवळजवळ मेला. त्या दिवशी लॉरेन्सला जेवण गेलं नाही. तेव्हापासून तो शिकायला लागला. जिंकायला नाही. न मरायला.

"पप्पा, सगळे लिहितात निवटा डिलीट करा," जेसिका ऑनलाइन वाचून सांगायची. "एकदम वेस्ट आहे. लाइफ नाही, स्पीड नाही."

"लपतो ना पन?"

"लपून काय होतंय? लपून कोण जिंकतं?"

लॉरेन्स विचार करत राहिला. प्रत्येकाकडे तीन राक्षस. आपलं एक कोणी मैदानात असेल तोवर निवटा बिळात राहू शकतो, आणि जितक्या चाली बिळात काढेल तितका त्याचा पुढचा तडाखा मोठा. म्हणजे बाहेर कोणीतरी टिकणारं हवं. त्याने एक जाड कवचाची चिंबोरी शोधली. तिला बाहेर उभी केली. निवटा आत. पण बाहेर काढायचा कधी? एक चाल आधी काढला तर गेला, एक चाल उशीर झाला तर चिंबोरी गेली.

मैदानात पाणी चढायचं आणि उतरायचं. कधी तिसऱ्या चालीला, कधी नवव्या. पाणी उतरलं की मोठे मासे चिखलात रुतायचे, आणि तेव्हा निवट्यासारखा राजा कोणी नाही. पण पाणी कधी येईल-जाईल ते कोणालाच सांगता यायचं नाही.

"ते रँडम असतं पप्पा."

"रँडम म्हंजे?"

"म्हणजे मनाला येईल तसं."

"पानी कधी मनाला येल तसं येतं का गं?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चंद्र होता. शोभेचा, असं सगळे समजत होते. लॉरेन्स आठ दिवस फक्त चंद्र बघत बसला. तो प्रत्येक लढतीला थोडा वाढत होता, मग थोडा घटत होता. त्याने बापाची शिकवण काढली: तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, अष्टमीला सहा वाजता भरती. गेममध्ये वाजत काहीच नव्हतं, पण चाली होत्या. अष्टमीचा अर्धा चंद्र दिसला त्या लढतीत त्याने श्वास रोखून मोजलं. सहाव्या चालीला पाणी चढलं.

गेम बनवणाऱ्यांत कोणी तरी दर्याकाठचं पोर असणार. लॉरेन्सला त्या अनोळखी पोराबद्दल फार माया वाटली.

जेसिका तोंडावर हात ठेवून बसली. "पप्पा. हे कुणालाच माहीत नाहीये. अख्ख्या दुनियेत कुणाला माहीत नाहीये."

"दुनियेत कोली कमी हायत," लॉरेन्स म्हणाला. चार वर्षांत त्याने केलेला तो पहिला विनोद.

१५

त्या जोरावर आज पाच लढती जिंकल्या. चंद्र बघ, बोटांवर मोज, चिंबोरी उभी कर, निवटा बिळात टाक, पाणी उतरलं की बाहेर काढ. पोरं म्हणायला लागली, "अंकल चीटिंग करतोय काय?" एकाने हिंदीत टोमणा मारला, "डरपोक का गेम है." लॉरेन्सला तो टोमणा नवा नव्हता.

फायनलला पौर्णिमेचा चंद्र आला. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. अकराव्या चालीपर्यंत दम धरायचा होता. त्याचा तिसरा राक्षस, बगळा, चौथ्या चालीला गेला. चिंबोरीने नवव्या चालीपर्यंत तग धरला, दहावीला तिची एक नांगी तुटली, तरी राहिली. अकरावीला भरती आली आणि तिच्यावरून देवमासा गेला. पाणी उतरताना चिखलावर तिचं कवच तेवढं उरलं, मग तेही पुसलं गेलं. लॉरेन्सला गलबलून आलं. किती दिवस उभी होती ती त्या बिळाच्या तोंडाशी.

पाणी उतरलं. देवमासा रुतला. आयुषकडे उरलेला तो एकच. चिंबोरी पुसली गेली त्याच चालीला निवटा बाहेर आला, दहा चालींचा तडाखा अंगात घेऊन. सगळं हिशेबाप्रमाणे.

आणि आभाळ काळं झालं. त्याच्या हिशेबात वादळ नव्हतं.

समोर आयुष दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. चांगला पोरगा होता तो, सकाळी त्यानेच लॉरेन्सला वायफाय लावून दिलं होतं. "काका, सॉरी," तो पुटपुटला. "माझ्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं."

११

शेवटच्या रांगेत ॲनी बसली होती.

लॉरेन्सने तिला मघाशी, तिसऱ्या लढतीनंतर पाहिलं होतं. रविवारचं लाल लुगडं, मांडीवर डबा. जेसिकाने तिला सांगितलं असणार: आत्या, एरॉल अंकलचं नाव आहे त्याच्यावर. ॲनीला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती सुके बोंबील विकायची आणि रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन परतलेल्या होड्या मोजायची. तेवढंच तिला येत होतं. पण वीस मिनिटांपूर्वी पडद्यावर निवट्याची चिठ्ठी दाखवली तेव्हा तिने चष्मा लावून नाव वाचलं होतं. ओठ हलवत. दोनदा.

आता तिच्यादेखत, या हाताने, दुसऱ्यांदा?

मार दाबला आणि वादळ डावीकडे आलं तर एरॉलचं जे काही उरलं होतं तेही तो पाण्यात सोडून आला असं होणार. बीळ दाबलं तर सगळा हॉल म्हणणार, पळाला. आणि सहा दिवसांनी बारा वाजता ते नाव तसंही जाणार. तेच नाव त्याला बहिणीला भेट द्यायचं होतं. 'बाय, हे घे, हे राह्यलं,' असं म्हणायचं वाक्यसुद्धा त्याने तयार ठेवलं होतं.

"मार! मार! मार!" पोरांनी ताल धरला. जेसिकाही ओरडत होती. "पप्पा, मार! अर्धा चान्स आहे! पप्पा!"

अंगठा 'मार'वर आला. लॉरेन्सने डोळे मिटले. आत पुन्हा ते आभाळ, ती पुसलेली रेघ, ते दात.

८

"लॉरेन्स."

आवाज मोठा नव्हता. पण चार वर्षं न ऐकलेला आवाज गर्दीतून बरोबर कानाशी येतो. ॲनी उभी होती. डबा खाली पडला होता, ती रांगांमधून चालत पुढे येत होती, आणि तिची नजर लॉरेन्सवर नव्हती. ती पडद्यावर होती. काळ्या आभाळावर, आणि त्याखाली उघड्यावर बसलेल्या त्या बोटभर जिवावर.

"लॉरेन्स, काय बगतंस? वादल येतंय. आन त्याला आत!"

५

अंगठा 'बीळ'वर. दाबला. हललं नाही.

४

पुन्हा. हललं नाही. गारठलेलं बोट.

३

लॉरेन्सने अंगठा तोंडात घातला, लहान पोरासारखा, सगळ्या हॉलसमोर.

१

दाबला.

०

निवटा आत गेला. चिखलावर दोन बुडबुडे आले. मग वादळ कोसळलं.

ते उजवीकडे कोसळलं. निवटा जिथे बसला होता तिथे पाऊसही पडला नाही.

पडद्यावर आयुषचं नाव सोनेरी झालं. हॉलमध्ये हसू, शिट्ट्या, "अंकल डर गया, अंकल डर गया!" जेसिका खुर्चीवर मटकन बसली. आयुष उठून आला. जिंकल्याचा आनंद त्याला धड करता येत नव्हता.

"काका, तुमच्या साइडला आलंच नाही ओ ते. थांबला असता ना, तर जिंकला होता तुम्ही. शंभर टक्के."

लॉरेन्स ओला अंगठा शर्टाला पुसत राहिला.

बोलली ॲनी. "आलं नाय तं नाय आलं," ती आयुषला म्हणाली, रागाने नाही, बाजारात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशी. "ते आदी कोनाला ठावं असतं काय, बाला? आत आला ना तो? मग झालं."

तिने वाकून डबा उचलला. उघडला. झिंग्यांची सुकट आणि तांदळाची भाकरी होती. तिने तो लॉरेन्ससमोर पांढऱ्या चादरीवर ठेवला, जेसिकाच्या हाती न देता.

"सकालधरून काय खाल्लं नसशील."

"नाय," तो म्हणाला.

"भ्यालास का?"

"लय."

"हां," ॲनी म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. "मी पन."

३१ मे

दुसऱ्या दिवसापासून मासेमारी बंद होणार होती, पावसाळ्यापुरती. पाचूबंदरच्या वाळूवर सगळ्या होड्या ओढून घेतलेल्या. ॲनी बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली उभी राहून मोजत होती. मग मोजायची थांबली.

लॉरेन्सची होडी चार वर्षं होती तिथेच होती, निळ्या ताडपत्रीखाली. दर मे महिन्यात तो एकटाच ती ताडपत्री नव्याने बांधायचा. वारा तिचं एक टोक सोडवून न्यायचा आणि तो दुसऱ्या टोकाला पळेपर्यंत पहिलं सुटायचं. आजही तेच चाललं होतं. शर्टाच्या खिशात फोन होता. अकरा वाजता त्याने उघडून बघितला होता: बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी दोन बटबटीत डोळे. १४७६ दिवसांपूर्वी.

ताडपत्री फडफडत वर उठली आणि पलीकडून कोणी तरी तिचं टोक धरून खाली ओढलं.

"आवळ तिकडनं," ॲनी म्हणाली.

त्याने आवळलं. दोघांनी दोरी होडीच्या पोटाखालून घेतली, एकदा, दोनदा. वारा पश्चिमेचा होता. लॉरेन्सची भीती होतीच; ती काही कुठे गेली नव्हती.

"आत हाय ना?" तिने विचारलं. वर न बघता.

"आत हाय."

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली. लॉरेन्सचा हात खिशाकडे जायला निघाला आणि थांबला, कारण हातात दोरी होती, आणि त्याने सोडली असती तर सगळा ताण ॲनीवर गेला असता. ॲनीने एका हाताने क्रुसाची खूण केली. दुसऱ्या हाताने ती दोरी धरून होती, घट्ट, शेवटची घंटा पडेपर्यंत.